मीठ कुणाचं

१७ जानेवारी, शनिवार
सकाळी उसाला पाणी. लाईट मध्येच गेली. बांधावर बसून शिव्या देत होतो तेवढ्यात आटपाडीहून मेव्हण्याचा, दत्ताचा फोन. "दाजी, आयचा डोळा पिकलाय. डाक्टर म्हनला काढाया पायजे." मी घाबरलो. डोळा काढायचा? मग कळलं, मोतीबिंदू. ह्या माणसाला बातमी सांगायची अक्कल नाही.

पुढच्या शनिवारी कराडला ऑपरेशन. आठ दिवसांनी परत दाखवायचं. त्यांच्या वाडीचा रस्ता खड्ड्यांचा, धक्के नकोत, धूळ नको. म्हणून सासूबाई मधले आठ दिवस आमच्याकडं, कडेगावला.

सौ. शिलाई मशीनवर होती. सांगितलं तसा तिचा पाय थांबला. "आठ दिवस? मग खानार काय?"

तेच तर.

सा.बाई आमच्याकडं अन्नाला शिवत नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचा घास नाही, पाणीसुद्धा नाही, असा त्यांचा नेम. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मूल नाही. सांगली झाली, पुणं झालं, डॉक्टर झाले, देव झाले. शेवटी आम्ही दोघांनी बसून तो विषय मिटवला आणि एक म्हैस घेतली. पण नेम काही मिटला नाही. सा.बाई येतात, सोप्यात बसतात, पिशवीतून लाल फडकं काढतात, गाठ सोडतात, आपली भाकरी आपली चटणी खातात, आपल्या बाटलीतलं पाणी पितात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सौ. समोर बसून बघते. त्या गेल्या की दोन दिवस आमच्याकडं भांडी आपटतात.

मला सा.बाईंचा राग येत नाही. बाई लाखात एक आहे. मला त्या फडक्याचा राग येतो.

१८ जानेवारी, रविवार
शेजारच्या कमलाक्काकडं गेलो. गावातले सगळे रीतिरिवाज तिच्या तोंडात. विचारलं, लेकीच्या घरचं नाही म्हणजे नक्की काय काय नाही?

"लेकीच्या घरचं दानं न्हाई, पानी न्हाई, लेकीच्या हातचं न्हाई, लेकीच्या चुलीवरचं न्हाई."

म्हटलं, आणि जावयाच्या हातचं?

आक्कानं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "जावयानं करून घातलेलं आजवर कुनी खाल्लंय का? मग त्येचा नेम कुठनं असंल?"

म्हटलं, मग दाणे त्यांचेच, पाणी त्यांचंच, चूल अंगणाबाहेर आणि हात माझा. चालेल?

"मला काय इचारता, मी काय भटजी हाय? पर बोट ठेवाया जागा न्हाई बगा."

फौजेत सतरा वर्षं गाडी चालवली. लंगरमध्ये गेलो ते शिक्षेचे कांदे सोलायला. स्वयंपाक येत नाही. पण कामगिरी ठरली. सौ.ला अजून सांगायचं नाही. फिसकटलं तर परत तिलाच...

२० जानेवारी, मंगळवार
दत्ताला फोन. बाजरी, कांदे, लसूण, हळद, तेल, आईच्या बरणीतली चटणी, पाण्याचा कॅन आणि एक कोंबडा, सगळं तुझ्या घरचं, गुपचूप आणून दे.

"दाजी, तुमास्नी याड लागलंय."

म्हटलं लागलंय. आण.

"कोंबडा कसा आनू? आय रोज संध्याकाळी कोंबड्या मोजती."

म्हटलं, तो तुझा प्रश्न.

वार बघितला. सोमवार आमचा. मंगळवार देवीचा. गुरुवारी सौ.चा उपास. शनिवारी मारुती. रविवारी सा.बाई खात नाहीत, त्यांच्या देवाचा वार. राहिले बुध आणि शुक्र. बुधवार धरला. शुक्रवार राखीव.

२२ जानेवारी, गुरुवार
दत्ता मोटारसायकलवर हजर. पुढं पाण्याचा कॅन, मागं बाजरीचं पोतं, हँडलला पिशवी आणि पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. तांबडा, मोठ्या तुऱ्याचा. आटपाडीपासून इथवर सगळ्या गावांनी बघितला असणार. गुपचूप म्हणजे काय ते ह्याला शिकवायला पाहिजे.

"आयला काय सांगितलंस?"

"रानमांजरानं न्हेला म्हनलो. लय हळहळली. तिचा लाडका हुता ह्यो."

म्हटलं, अरे मग लाडका कशाला आणलास?

"बाकीच्या कोंबड्या हायत दाजी. कोंबडा ह्यो येकच."

आता काय बोलणार? गोठ्यामागं डालग्याखाली झाकला. सौ.नं विचारलं, हा कुणाचा? म्हटलं, मित्राचा, ठेवायला दिलाय. ती म्हणाली, कोंबडा ठेवायला देणारा मित्र पहिल्यांदाच ऐकला.

बाजरी दळून आणली. गिरणीत माझ्याआधी कुणाची तरी ज्वारी होती. तिचं चिमूटभर पीठ आलंच असेल. ते धरायचं नाही असं ठरवलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
सौ. ब्लाऊज द्यायला गेली तेवढ्यात भाकरीची तालीम. पहिली परातीतच फाटली. दुसरी उचलली, तव्यावर पोचेपर्यंत हातात निम्मीच. तिसरी पोचली पण तिला आकार कशाचाच नव्हता. म्हशीनं सगळ्या खाल्ल्या. म्हशीला नेम नाही.

सौ. आली, परात बघितली, तवा बघितला, माझ्या मिशीला लागलेलं पीठ बघितलं. सांगावं लागलं सगळं. वाटलं, हसेल. हसली नाही. खाली बसली. "ती न्हाई खायाची," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाजरीला पानी कढत लागतंय. गार पान्यात मळली की फाटतीच."

म्हणजे कामगिरीत आता दोघं.

२४ जानेवारी, शनिवार
कराड. ऑपरेशन झालं, नीट झालं. सा.बाईंना काळा चष्मा दिलाय. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू आणि त्यावर काळा चष्मा. दवाखान्यातल्या पोरी वळून बघत होत्या. सा.बाई म्हणाल्या, "काय बगत्यात गं? डोळं तुमचं हायत न्हवं?"

डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, धुराजवळ जायचं नाही, कडक चावायचं नाही.

दवाखान्याचा चहा प्यायल्या. कराडच्या नाक्यावर वडाही खाल्ला. म्हटलं, मामी, हे चालतं? "ह्यो लेकीचा हाय व्हय? ह्यो त्या टोपीवाल्याचा हाय."

घरी आल्यावर पिशवी उघडली. फडकं भलं मोठं. आठ दिवसांच्या भाकरी बांधून आणल्यात. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. दत्ता मान खाली घालून निघून गेला. हे त्यानं आधी सांगायला नको?

२५ जानेवारी, रविवार
पहाटे डालग्याखालनं कोंबडा आरवला. एकदा नाही, चारदा. सोप्यात सा.बाई उठून बसल्या.

"पाव्हणं, ही बांग वळखीची वाटती."

म्हटलं, मामी, कोंबड्याची बांग सगळीकडं सारखीच असते.

"आसं कसं? मानसाचा आवाज वळकू येतोय, कोंबड्याचा न्हाई येत?" मग हळूच, "माझा तुरेवाला आसाच आरडायचा. शेवटाला आवाज फाटायचा त्येचा."

तेवढ्यात परत आरवला. शेवटी आवाज फाटला. मी गोठ्यात जाऊन डालग्यावर पोतं टाकलं.

दुपारी फडकं सुटलं. दुसऱ्या दिवसाचीच भाकरी, वाजत होती. सौ. जेवली नाही. म्हणाली, भूक नाही. काल रात्रीही नव्हती.

२६ जानेवारी, सोमवार
शाळेत झेंडावंदन. फौजी म्हणून दरवर्षी पुढं उभं करतात. जिलेबी मिळाली, घरी आणली. सा.बाईंनी विचारलं, "कुनाची?" शाळेची म्हटलं. दोन खाल्ल्या. बोटं चाटली.

सौ. उठून गोठ्यात गेली. थोड्या वेळानं मी गेलो. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, रडत होती. "शाळंची चालती, टोपीवाल्याचा वडा चालतोय. माझीच तेवढी भाकरी कडू. पोर न्हाई तर न्हाई, मी हाय न्हवं? मी हाय ती पुरं न्हाई व्हय तिला?"

पाठीवर हात ठेवला. मधी म्हैस होती.

फार राग आला आज. फडक्याचा नाही, सा.बाईंचाच आला.

२७ जानेवारी, मंगळवार
राग आला तर सरळ विचारावं. संध्याकाळी सौ. दूध घालायला गेली तेव्हा विचारलं. मामी, एवढा कसला नेम? लेक झुरतीय तुमची.

चष्म्यामुळं कुठं बघतायत कळेना. मग म्हणाल्या, "पाव्हणं, तुमास्नी वाटतंय म्हातारी हट्टी हाय. आवं, मला का हौस हाय वाळल्या भाकरी चावायची? तिच्या हातची आमटी मी लग्नाआदी खाल्लीय, ती चव अजून जिभंवर हाय. पर मी हितं जेवले म्हंजे काय हुतंय? आता काय व्हनार न्हाई आसं मीच म्हनल्यासारखं हुतंय. समद्यांनी म्हनलं तर म्हनू द्या. आईनं कसं म्हनावं?"

चौदा वर्षं मी उलटंच समजत होतो. कालचा राग कुठं ठेवावा कळेना.

सौ. आल्यावर तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. नुसती तांब्या घासत बसली, घासलेलाच तांब्या.

उद्या बुधवार. करायचंच. आता तर करायचंच.

२८ जानेवारी, बुधवार
सकाळपासून कामगिरी. लिहायला बसलोय तर बोटं चुरचुरतायत. तरी लिहितो, उद्यापर्यंत विसरेन असं नाही, पण.

चूल अंगणाबाहेर, लिंबाच्या सावलीला. तीन दगड. जळण कमलाक्काकडचं. आक्का स्वतः मांडणी बघायला आली. "दगड कुनाचं?" म्हटलं, रस्त्याकडंचे, ग्रामपंचायतीचे. "मग बरं." मधी एकदा वाटलं, आपण मोटार परिवहनात होतो ते बरं होतं.

कोंबडा कापला, साफ केला. मीठ-हळद लावून झाकून ठेवला. कांदा, लसूण पाट्यावर वाटायला घेतला. ते सौ.नं लांबून शिकवलं, उंबऱ्यात बसून. हात लावायचा नाही असं तिनंच ठरवलं होतं. "बारीक वाटा. आजून बारीक. आवं, रंगकाम न्हवं ते." लई दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला.

दहाच्या सुमारास सा.बाईंना लिंबाखाली, वाऱ्याच्या उलट बाजूला खाटेवर आणून बसवलं. म्हटलं, मामी, आज जेवायचं.

"पाव्हणं..."

म्हटलं, आधी ऐका. बाजरी तुमच्या वाडीची. पाणी तुमच्या हिरीचं, तो बघा कॅन. चटणी तुमच्या बरणीतली. कांदा, लसूण, हळद, तेल तुमचं. चूल घराबाहेर. हात माझा, लेकीचा नाही.

काळा चष्मा माझ्याकडं वळला. "आनि कोंबडा?"

मी चुलीत फुंकर घालायला लागलो.

"तुरेवाला?"

म्हटलं, व्हय.

"तरी म्हनलं, आवाज कसा फाटतोय." थोडा वेळ दत्ताचा उद्धार झाला. रानमांजर काय, डोळं गेलं म्हनून आय खुळी झाली काय, येऊ दे त्येला वाडीवर. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. उंबऱ्यात सौ. पदर तोंडात धरून हसत होती. मग सा.बाईंनी सुस्कारा टाकला. "म्हातारा झालाच हुता म्हना. शिजाया येळ लागंल त्येला. जाळ मोठा करा."

म्हणजे जमलं. मी कमलाक्काकडं बघितलं, कमलाक्कानं माझ्याकडं. कोंबडा पातेल्यात गेला, रस्सा चढला, वास सुटला. भाकऱ्या थापल्या. कढत पाणी होतं म्हणून फाटल्या नाहीत, पण गोल एक नाही. दोनदा बोटं भाजली.

ताट मांडलं. सा.बाई मांडी घालून बसल्या. हात पुढं केला आणि थांबल्या.

"पाव्हणं, मीठ कुनाचं?"

बाजरी आठवली, पाणी आठवलं, दगडसुद्धा आठवले. मीठ कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ना माझ्या, ना दत्ताच्या, ना आक्काच्या. मिठाचा कोण विचार करतं?

"दानं येक येळ परवडलं," म्हणाल्या, "पर मीठ म्हंजे मीठ आसतंय. येकदा खाल्लं की खाल्लं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामी, अजून मीठ टाकलंच नाही. तुमचीच वाट बघत होतो."

कसं सुचलं देव जाणे. सा.बाई खूश. "शाना हाय जावय माझा." कनवटीची पुडी काढली. वाडीवरचं खडेमीठ, भाकरीबरोबर आणलेलं. पातेलं जवळ घ्यायला लावलं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला आधीच कमी दिसतं. अंदाजानं एक मूठ टाकली. मग म्हणाल्या, रस्सा लय दिसतोय, आणि अजून थोडं टाकलं. मी पळीनं ढवळलं.

ढवळता ढवळता हात थांबला. सकाळी मी मीठ-हळद लावून ठेवलं होतं. चांगलं चोळून. फौजेच्या अंदाजानं.

सौ.कडं बघितलं. तिच्याही ध्यानात आलं होतं. तिनं डोळे मिटले. म्हणजे आमचं मीठ आत, त्यांचं वर, आणि चटणीतलं निराळंच. आता सांगावं तर ताट उलटणार. न सांगावं तर... मी नाही सांगितलं. वाढलं.

पहिला घास. सा.बाईंचं तोंड थांबलं. चावायचं थांबलं. चष्मा हळूहळू माझ्याकडं वळला. कमलाक्काला काय कळलं नाही, ती आपली विचारते, "कसं झालंय?"

मला वाटलं, संपलं. चौदा वर्षं परत चौदा वर्षं.

सा.बाईंनी घास गिळला. "ब्येस झालंय," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघतच, "पाव्हणं, आमच्याकडचं मीठ लय कडक आसतंय. मीच जरा जास्त टाकलं."

आणि दुसरा घास घेतला. आणि तिसरा. एक भाकरी संपली. दुसरी मागितली. कमलाक्काला वाढलं होतं, तिनं एक घास खाल्ला आणि म्हशीला वैरण टाकायची राहिलीय म्हणून जी गेली ती गेलीच. मी खाल्लं. फौजेत समुद्राकाठी पोस्टिंग होती, तिथं पोहताना एकदा नाकातोंडात पाणी गेलं होतं. तसं.

दुसरी भाकरी अर्ध्यावर असताना म्हणाल्या, "पानी."

कॅन उचलला. हलका लागला. त्यातलं पाणी रस्स्याला गेलं, पीठ मळायला गेलं, माझे हात धुवायला गेलं. तळाला भांडंभर होतं ते दिलं. एका दमात संपलं. बाटल्या सोप्यात, त्या कालच रिकाम्या झालेल्या. मी कॅन उलटा धरून उभा. एक थेंब पडला.

सा.बाई बसून राहिल्या. ओठ चाटले. वर लिंबाकडं बघितलं.

सौ. उंबऱ्यातून उठली. आत गेली. आमच्या माठातलं पाणी घासलेल्या तांब्यात घेऊन आली आणि चार हातांवर उभी राहिली. पुढं येईना. दे म्हणण्याची मला छाती झाली नाही. घे म्हणण्याची तिला झाली नाही.

सा.बाईंनी तिकडं न बघताच हात पुढं केला. "आन की. का म्हातारीला तहानंनं मारती?"

तांब्या वरून धरून प्यायल्या. गळ्याची शीर हलताना दिसत होती. तांब्या संपवला. "आनि आन." दुसरा आणला. तोही. मग हनुवटीवरचं पाणी पदरानं पुसलं आणि सौ.ला म्हणाल्या, "बस. च्यार दिस जेवली न्हाईस, मला दिसत न्हाई आसं वाटलं व्हय? येक डोळा हाय अजून."

सौ. त्यांच्याच ताटात जेवायला बसली. खारट रस्सा, वाकडी भाकरी. दोघी खात होत्या, मधी मधी तांब्या एकीकडनं दुसरीकडं. मी चुलीचा जाळ विझवायला म्हणून पाठ फिरवली आणि रडलो. लिहायला लाज कसली. रडलो.

२९ जानेवारी, गुरुवार
सकाळी कमलाक्का चौकशीला. "काय, मोडला म्हनं नेम?"

सा.बाई चष्मा सारखा करत, "कुनाचा? माझी बाजरी, माझा कोंबडा, माझं मीठ. कसला मोडतोय?"

"आनि पानी?"

"औशीद घ्याया पानी लागतंय. डाक्टरनं सांगितलंय."

डॉक्टरांनी औषध दिलंय ते डोळ्यात टाकायचं. आक्काला ते ठाऊक आहे. तिला परत म्हशीची वैरण आठवली.

उरलेला रस्सा फेकू दिला नाही. फडक्यातली वाळकी भाकरी त्यात कुस्करली. म्हणाल्या, आसं खाल्लं की मीठ बराबर लागतंय. खरंच लागतं. मीही खाल्लं.

३० जानेवारी, शुक्रवार
वाडीची बाजरी आहे म्हणून आज परत मीच भाकरीला बसलो. बोटांना फोड. पहिलीच भाकरी तव्यावर टाकताना ओरडलो.

सा.बाई सोप्यातून सौ.वर कडाडल्या. "आगं, लाज न्हाई वाटत? गड्याला भाकऱ्या थापाया लावून बसलीस खुशाल! ऊठ तिथनं, सरकव त्येला."

सौ. उठली. मी सरकलो. आमच्या चुलीवर सौ.नं भाकऱ्या थापल्या, एक एक चंद्रासारखी. वर आमटी केली. आमच्या मिठाची.

सा.बाई जेवल्या. लेकीच्या हातचं, लेकीच्या चुलीवरचं. मी ताटाकडं बघत होतो. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. आमटीची वाटी पुसून खाल्ली. म्हणाल्या, "हात तसाच हाय की गं तुजा." एवढंच. मग उन्हाला जाऊन बसल्या.

आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. हललो तर उडून जाईल असं काहीतरी वाटत होतं.

३१ जानेवारी, शनिवार
कराडला तपासणी. डोळा झकास. सा.बाई रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागल्या, अक्षर एक येत नाही, पण चित्रावरून. दत्ता न्यायला आला. भर नाक्यावर त्याला रानमांजर म्हणून हाक मारली.

गाडीत बसताना सौ.चा गाल कुरवाळला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, नेहमी करतात तो आशीर्वाद. तो त्यांनी सोडलेला नाही. सोडू पण नये, असं आज पहिल्यांदा वाटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार
उसाला तोड आली. दिवसभर रानात.

घरी आलो तर सौ. फळीसमोर उभी. आमच्या धुतलेल्या कपड्यांच्या घडीत ते लाल फडकं. धुतलेलं, नीट चौघडी घातलेलं. सौ. म्हणते, मी नाही धुतलं. मी म्हटलं, विसरल्या असतील. ती म्हणाली, "माझी आय फडकं इसरायची?" मग म्हणाली, "येक डोळा झाकलेला हुता, इसरली बी आसंल."

दत्ताला फोन लावला. मागून सा.बाईंचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे म्हनावं तितंच." तितंच म्हणजे कायमचं, की पुढच्या खेपेपर्यंत, ते विचारायच्या आत ह्यानं फोन ठेवला.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दत्ताचा फोन. सकाळी. म्हटलं, आता काय पिकलं? पण नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात, कराडलाच. परत आठ दिवस आमच्याकडं.

स्पीकरवर टाकला. सौ.नं मशीन थांबवली.

म्हटलं, दत्ता, मामी भाकरी बांधून आणणार आहेत का?

"ते काय बोलली न्हाई दाजी. मी इचारलं तर म्हनली, तुला काय करायचंय."

म्हटलं, मग बोलल्या काय?

"एवढंच म्हनली, पाव्हण्याला सांग, कोंबडा-बिंबडा काय नगं. आनि म्हनावं, सकाळी चोळलेलं मीठ ध्यानात ठिवत जावा. गेल्या बारीला लय झालं हुतं."

मी फोन हातात धरून बसलो. सौ. उठली. फळीवरची मिठाची बरणी काढली, रिकामी केली, घासली आणि अंगणात उन्हाला पालथी घातली. "आता आयचं मीठ बी ह्यातच," म्हणाली. फडकं फळीवरच आहे.